जसं फळ्यावर, तसं वहीत

२४ नोव्हेंबर, सोमवार

एकतीस वह्या तपासल्या आणि डोकं उठलं! निम्म्याहून जास्त पोरांच्या शिरोरेघा बिघडल्या आहेत. वाकड्या म्हणाव्या तर वाकड्याही नाहीत. वाकडी रेघ एकीकडे उतरत जाते. ती मला कळते, तिचं औषध माझ्याकडे आहे. ही रेघ जागच्या जागी वळवळते. पानावरून गांडूळ गेल्यासारखी. दिवाळीच्या सुट्टीआधी हे नव्हतं. की होतं आणि मी पाहिलं नाही?

आणि नेमकी आजच नोटीस. १९ डिसेंबरला वह्या तपासणी. विस्तार अधिकारी येणार, संस्थेचे सचिव येणार. मुख्याध्यापिका मधुवंती मॅडम सही घेताना म्हणाल्या, पुष्पाबाई, तिसरीच्याच वह्या आधी दाखवू. दरवर्षी असंच म्हणतात, दरवर्षी मी मान डोलावते. आज नुसती सही केली.

एकोणीस वर्षं तिसरी माझी आहे. बाकी सगळीकडची पोरं छापील रेघांच्या वहीत लिहितात. माझी तिसरी कोऱ्या पानावर लिहिते, तरी ओळ सरळ जाते. महाल भागातल्या या जुन्या शाळेत आता पोरं येतात कितीशी? जी येतात ती या वह्या पाहून येतात असं मॅडमच सांगतात. वह्या बिघडल्या तर वर्ग काढून घ्यायला त्या मागेपुढे पाहणार नाहीत. गेल्या वर्षी यमुताईंची चौथी अशीच काढली आणि त्यांना खिचडीच्या नोंदी ठेवायला बसवलं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली. ती खिचडीच्या नोंदींत घालवायची नाहीत मला.

पंचवीस दिवस आहेत. होईल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा श्रीगणेशा. समास सोडा. पानांना कान पाडू नका. थुंकी लावून खोडू नका — आयुष, तुलाच सांगते आहे! चुकलं तर एकच आडवी रेघ, गिचमीड नाही. डब्यातल्या भाजीची तर्री वहीला लागली तर ती वही माझ्या टेबलावर यायची नाही. शेवटी सगळ्यांनी उभं राहून एका सुरात म्हणायचं — "जसं फळ्यावर, तसं वहीत!" हे मी एकोणीस वर्षं म्हणवून घेते. रोज पाच ओळी फळ्यावर लिहिते, पोरांनी त्या तशाच्या तशा उतरवायच्या. अक्षर शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं?

मग दोरा. प्रत्येकाच्या कंपासपेटीत हातभर पांढरा दोरा असतो. ओळ झाली की तो दोन्ही हातांनी ताणून शिरोरेघेवर धरायचा. दोऱ्याच्या वर किंवा खाली पेन्सिल दिसली की ओळ पुन्हा. हे मला डी.एड.ला कोणी शिकवलं नाही. हे बाबांचं. उमरेडला बाबांचा हातमाग होता. लुगड्याचा काठ ते असाच दोरा धरून पाहायचे आणि मी पाटीवर काढलेली रेघही तशीच पाहायचे. काठ चुकला तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते, म्हणायचे, रेघ चुकली तर कोणीच येत नाही, म्हणून रेघेले जास्त जपाव.

आज अठरा पोरांच्या ओळी पुन्हा लिहायला लागल्या. इतक्या कधीच नव्हत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसातून खडूचा दुसरा डबा मागितला. हे नवे खडू फार ठिसूळ. एका ओळीत दोनदा मोडतात!

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरी आले तर यांनी चहा करून ठेवलेला. अर्धा कप. कालही अर्धा, परवाही अर्धा! दूध संपलं का म्हणून विचारलं. हे म्हणाले, पी ना, आणखी देतो. आणि खरंच पुन्हा अर्धा कप आणून दिला. रिटायर झाल्यापासून जागेश्वररावांच्या डोक्यात काय चालतं ते त्यांनाच ठाऊक.

पुण्याहून अंकुरचा फोन. त्याला वह्यांचं सांगितलं तर हसायला लागला. आई, आता हाताने कोण लिहिते? मी म्हटलं, तुझी आई लिहिते, ही रोजनिशी काय फुकट लिहिते? फोन ठेवल्यावर वाटलं, उगाच चिडले. पण हल्ली मी चिडते खरी. झोपेतून उठले की पहिल्यांदा त्या रेघा दिसतात.

कारण काय असेल? मोबाइल? दिवसभर काचेवर बोट फिरवणारी पोरं, पेन्सिल धरायला बोटांत जोर नको का? बाकं हलतात का? सोमवारी बाकांखाली पुठ्ठे लावायचे.

१ डिसेंबर, सोमवार

बाकांखाली पुठ्ठे लावले. काही उपयोग नाही. आज चोवीस.

आणि त्यात गोपिका! गोपिका म्हणजे माझ्या वर्गाचं नाक. पहिल्या बाकावर बसते. सकाळी मी वर्गात जायच्या आधी फळ्यावर तारीख आणि वार तीच लिहून ठेवते, खडूचा डबा तीच सांभाळते. बोलायला कमी, बघायला जास्त. मी लिहीत असताना तिचे डोळे माझ्या हातावरून हलत नाहीत. पोरांनी असंच बघावं असं मी सगळ्यांना सांगते.

तिच्या वहीत आज पाचही ओळी वळवळलेल्या. पान खोडलं. पुन्हा लिही म्हटलं. तिने लिहिलं, पुन्हा तसंच. तेही खोडलं. रडली नाही. दोरा गुंडाळून पेटीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

२ डिसेंबर, मंगळवार

सव्वीस! साथ आल्यासारखं पसरतं आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज मी जे केलं ते बरोबर होतं का, माहीत नाही. लिहून ठेवते.

सकाळी वर्गात गेले. फळ्यावर गोपिकाने लिहिलेली तारीख. तिच्यावरची रेघ दोरा धरून काढल्यासारखी सरळ! आणि अर्ध्या तासाने तिची वही बघते तर तीच वळवळ. म्हणजे हिला येतं. फळ्यावर सरळ काढते, वहीत वाकडं काढते. म्हणजे मुद्दाम!

मी विचारलं, मुद्दाम करतेस का? पुन्हा विचारलं, सगळ्या वर्गासमोर, आवाज चढवून. तिने मान खाली घातली आणि हो म्हटल्यासारखी हलवली. माझ्या अंगाची लाही झाली. एकोणीस वर्षांत मुद्दाम वही खराब करणारं पोर मी पाहिलं नव्हतं. खडूचा डबा तिच्याकडून काढून घेतला. उद्यापासून तारीख दुसरं कोणी लिहील म्हटलं. तिसऱ्या बाकावर बसवलं.



८ डिसेंबर, सोमवार

विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनामुळे निम्मे रस्ते बंद. मनीषनगरहून निघून शाळेत पोहोचायला तास लागला, प्रार्थना चुकली. स्कूटीचं हँडल घट्ट धरून धरून हात दुखले.

हजेरीपटावर सही करताना क्लार्क सौरव म्हणाला, "मॅडम, घाईत केली का? मागच्या महिन्याची अन् ह्या महिन्याची सही जुळून नाई राहिली." मी म्हटलं, घाईतच होते, तुम्ही रस्ते बंद करता आणि आम्हाला विचारता! तो बिचारा काय रस्ते बंद करतो.

मधल्या सुट्टीत मधुवंती मॅडम वर्गात आल्या. चार वह्या चाळल्या, चारही खाली ठेवल्या. मग इतकंच म्हणाल्या, "पुष्पाबाई, दमत असाल तर सांगा. भैरवी आहे." भैरवी म्हणजे दुसरीची नवी शिक्षिका. पोरगी चांगली आहे, कामसू आहे. पण माझी तिसरी! अकरा दिवस उरले.

एकच चांगली गोष्ट. आयुषची वही आज सरळ निघाली. थुंकीने खोडणारा आयुष! दोरा धरून तीनदा पाहिलं. वहीवर चांदणी चिकटवली, टाळ्या वाजवायला सांगितलं. कोणी वाजवल्याच नाहीत. पोरांत एवढा मत्सर कधी आला?

९ डिसेंबर, मंगळवार

तीस. आयुष सोडून सगळे.

११ डिसेंबर, गुरुवार

गोपिकाची आई आली होती, धनश्रीबाई. फॉल-पिकोचं काम करते, मधूनच उठून आलेली, ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच कंबर कसून बसले. तर तिने पिशवीतून एक वही काढली. गोपिकाची घरची वही. कोरी पानं, आणि ओळी अशा की बाबांनी पाहिल्या असत्या तर मान डोलावली असती.

"घरी तर चांगली लिवते जी," ती म्हणाली. "शाळेतच काहून अशी करते, मले तर काई समजून नाई राहिलं. इचारलं तर म्हणते, आई, तुले नाई समजत, हे शाळेचं हाये."

मी म्हटलं, हट्ट आहे, दुसरं काही नाही. या वयात असं होतं, उतरेल. धनश्रीबाई म्हणाली, पोरगी डबा तसाच परत आणते. पाच दिवसांपासून. मग तिने हात जोडले आणि गेली.

मला डोळ्यांपुढे तो डबा दिसतो आहे. आठ वर्षांची पोर. मी काय करते आहे? पण सोडून कसं द्यायचं, मुद्दाम करते हे तिने स्वतःच कबूल केलं ना!

१२ डिसेंबर, शुक्रवार

आयुषचं बिंग फुटलं. त्याच्या दप्तरात दुसरी वही सापडली, त्याच्या मोठ्या बहिणीची. सोनिका दोन वर्षांपूर्वी माझ्याच तिसरीत होती. गडी फळ्याकडे बघतच नाही! मांडीवर सोनिकाची वही ठेवतो आणि त्यातल्या ओळी छापतो. आमचे पाठ काही बदलत नाहीत, त्याला सगळं आयतं मिळालं. चांदणी काढून घेतली.

"अन् बाई, गोपिकानं माह्याशी कट्टी केली हाये," तो रडत म्हणाला. "साऱ्यायनंच केली. मी सरळ लिवतो म्हणून." मी म्हटलं, नक्कल केलीस म्हणून केली असेल.

सोनिकाची वही घरी घेऊन आले. संध्याकाळभर बघत बसले. दोन वर्षांपूर्वीची तिसरी. हीच शाळा, हीच बाकं, हीच मी. एकही ओळ वळवळत नाही. जो फळ्याकडे बघत नाही त्याचं सरळ, आणि जे बघतात त्यांचं वाकडं — हे काय आहे? माझ्या लिहिण्यात काय बदललं?

हे वाक्य लिहून थांबले. मग उठून भाजी निवडली.

१५ डिसेंबर, सोमवार

तपासणीच्या मीटिंगला मॅडमनी ऑफिसात बसवलं. तिसरीवर भैरवीला पाठवलं. फळ्यावरच्या पाच ओळी तिनेच लिहिल्या. तिचं अक्षर काही खास नाही. ट ला पोट नाही, ळ म्हणजे जिलबी. परत आले आणि वह्या उघडल्या.

एकतीसच्या एकतीस सरळ. गोपिकाचीही.

भैरवी निरागसपणे म्हणाली, किती छान लिहितात हो तुमची मुलं! मी हसले. माझी पोरं तिच्यासाठी सरळ लिहितात आणि माझ्यासाठी नाही. मी त्यांना नकोशी झाले आहे का? इतकी खोडली पानं, इतकं बोलले. एकोणीस वर्षांत कुठल्याच वर्गाला मी नकोशी झाले नव्हते, किंवा झाले असेन आणि कोणी सांगितलं नसेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा मी लिहिलं. पुन्हा वाकड्या, एकतीसच्या एकतीस.

१७ डिसेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर वर्गातच बसून राहिले. गोपिकाची मावशी तिला न्यायला उशिरा येते, म्हणून तीही तिसऱ्या बाकावर बसलेली. आम्ही दोघीच. मी तिच्यामागे, शेवटच्या बाकावर जाऊन बसले. किती वर्षांत तिथे बसले नव्हते. रोज मी फळ्याला नाक लावून लिहिते आणि पोरांकडे वळते. फळा लांबून मी बघतच नाही.

आज बघितला. माझ्या पाच ओळी.

मला वाटलं, ऊन पडलंय तिरपं. उठले, जवळ गेले. टेबलावरचा मोठा दोरा घेतला. फळ्यावर दोरा धरायला दोन माणसं लागतात. गोपिकाला हाक मारली. ती आली, स्टुलावर चढली, तिने डावीकडचं टोक धरलं. मी उजवीकडचं धरलं. दोऱ्याच्या वर खडू, दोऱ्याखाली खडू, पुन्हा वर. वहीत होतं तसंच, फक्त मोठं.

आणि दोरासुद्धा हलत होता. मी गोपिकाला म्हणणार होते, नीट धर. तिच्याकडे पाहिलं. तिचं टोक हलत नव्हतं.

घरी येऊन चहा मागितला. हे अर्धा कप घेऊन आले. मी म्हटलं, पूर्ण भरा. यांनी भरला. बशीत किती सांडला ते दोघांनीही पाहिलं. कधीपासून माहीत आहे विचारलं. "दसऱ्यापासून," हे म्हणाले. "तुले सांगाची हिंमत नाई झाली." मग मला खूप रडू आलं आणि मी रडले.

बाबांनी माग सोडला तेव्हा सगळ्यांना सांगायचे, सूत चांगलं येत नाही आता. आम्ही मानलं. शेवटची चार-पाच वर्षं ते उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. सवय असेल असं वाटायचं मला. मी खडू बदलून मागितले. बाकांखाली पुठ्ठे लावले!

या रोजनिशीची जानेवारीतली पानं उघडून पाहिली. आजचं पान पाहिलं. बंद केली.

म्हणजे पोरांचं काही चुकलं नव्हतं. फळ्यावर होतं तसंच त्यांनी उतरवलं. आणि गोपिका फार नीट बघते, म्हणून तिचं सगळ्यांत वाईट. पण मग घरी सरळ कशी लिहायची? आणि मुद्दाम का म्हणाली?

परवा तपासणी. दोन मार्ग आहेत. उद्या भैरवीला पाच ओळी लिहायला सांगायच्या, अधिकाऱ्यांपुढे तीच पानं उघडायची, वर्ग वाचतो. नाहीतर मॅडमना खरं सांगायचं. उद्यापर्यंत ठरवायचं आहे. हात मांडीखाली दाबून पाहिला. बाबांना बरं वाटत असावं त्याने.

१८ डिसेंबर, गुरुवार

ठरत नाही. फळ्याला हात लावला नाही. पाढे म्हणवून घेतले. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अधिकारी यायच्या आधी मधुवंती मॅडमच्या टेबलावर हात ठेवला आणि सांगितलं. जानेवारीपासून तिसरी भैरवीकडे. अधिकाऱ्यांना वह्या आहेत तशाच दाखवल्या.

मग वर्गात गेले. खडूचा डबा गोपिकाला परत दिला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, तुझं काही चुकलं नव्हतं, तू फळ्यावरचंच उतरवलंस. ती म्हणाली, "नाई बाई, मले सरळ येत होतं. मीच साऱ्यायले सांगतलं, वाकडंच काढा म्हणून." काहून, विचारलं. "साऱ्यायचं सरळ अन् तुमचं एकटीचंच वाकडं दिसलं असतं. तुमाले वाईट वाटलं असतं."

आत्ता तिची वही समोर आहे. मी तिची बावीस पानं खोडली आहेत.